पंधराव्या मिनिटाला तुटणारी लाइन

हेर लोरेन्त्स, म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत लोरेन्त्स, यांची तक्रार मी तीन वेळा बंद केली होती. तिन्ही वेळा खाली माझं नाव होतं आणि तिन्ही वेळा मी एकच शब्द लिहिला होता : 'एरलेडिग्ट'. म्हणजे काम झालं, विषय संपला. चौथ्या वेळी त्यांची तक्रार आली नाही. त्यांचा उजवा हात भाजल्याची बातमी आली.

दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा, असं सांगितल्यावर आधी मी मोठमोठ्या गोष्टींची यादी करत बसले होते. सर्व्हर एका इमारतीतून दुसरीकडे हलवला ती कथा, व्हायरसनं सगळ्या ऑफिसला सुटी दिली ती कथा. पण नोकरी सोडल्यावर मला अजूनही आठवत राहतं ते हे एक प्रकरण. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं.

फ्रँकफर्टच्या बाहेर एश्बॉर्न नावाचं गाव आहे. एस-बान या लोकल गाडीतून उतरलं की काचेच्या इमारतींची रांग लागते. त्यातल्या एकीच्या चौथ्या मजल्यावर मी मेल-सर्व्हर सांभाळत असे. हे मी पुण्यात सांगितलं की लोक म्हणायचे, "बरं झालं भेटलीस, माझा पासवर्ड विसरलाय." माझं काम त्याहून थोडं निराळं होतं. कंपनीतली प्रत्येक मेल एका मोठ्या यंत्रात येऊन पडते. तिथे प्रत्येकाची एक पेटी असते. त्या पेटीतून ती मेल त्या माणसाच्या कॉम्प्युटरवर नीट उतरली पाहिजे, मग तो माणूस शेजारच्या खोलीत बसलेला असो की पाचशे किलोमीटर लांब. मी ते बघायची.

आमची कंपनी व्हॅक्युम पंप बनवायची. चीजच्या पाकिटातली हवा ओढून घेतात ना, तसले पंप. ते बेकऱ्यांत, इस्पितळांत, मासे आणि मांस पॅक करणाऱ्या कारखान्यांत बसवलेले असत, आणि ते दुरुस्त करणारे एक्केचाळीस तंत्रज्ञ जर्मनीभर आपापल्या घरी राहत. ऑफिसात त्यांना 'आऊसेनडीन्स्ट' म्हणत, बाहेरची माणसं. सकाळी घरून लॅपटॉप फोनच्या लाइनला जोडायचा, ऑफिसच्या यंत्राला फोन लावायचा, मेल उतरवून घ्यायच्या आणि गाडी काढायची, असा त्यांचा दिवस सुरू होई. रोजची कामं त्यांना फॅक्सनं किंवा फोनवर कळत. बाकी सगळं, म्हणजे नवी माहितीपत्रकं, सूचना, साहेबांची भाषणं, हे मेलनं जाई.

या मंडळींची एकच तक्रार असे : मेल फार हळू येते. ही तक्रार आली की आमच्याकडे एक ठरलेला खेळ चाले. मी म्हणायची, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. नेटवर्क सांभाळणारा म्हणायचा, मेल-सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे. नेटवर्क सांभाळणारा होता सलील, दादरचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तरी पहिल्या दिवसापासून मला अगं-तूगं करणारा. आम्ही दोघं कँटीनमध्ये एका टेबलावर जेवायचो आणि वर जाऊन एकमेकांच्या खात्यात तक्रारी ढकलायचो.

हेर लोरेन्त्स हे चेक सीमेजवळच्या डोंगरातले, ड्रेस्डेनहून दोन तास आत. त्यांची तक्रार मला तोंडपाठ होती : "कालपासून एकही मेल येत नाही." मी त्यांची पेटी उघडून बघायची. सगळ्यांत पुढे एखादी अवजड मेल अडकलेली दिसायची, फोटोंची नाहीतर कॅटलॉगची. ती मी उचलून बाजूला टाकायची. मग मागच्या सगळ्या मेल भराभर उतरायच्या. एरलेडिग्ट. ती मेल तिथे का अडकली, हे विचारायला मला वेळ नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे मला कुतूहलच वाटलं नाही. माझ्या कामात याहून मोठी चूक नसते.

मग ते प्रकरण घडलं. आमच्या एका जातीच्या पंपात दोष निघाला. पंप बंद केल्यावरही आत दाब राहत होता. कारखान्याकडून सगळ्या तंत्रज्ञांना मेल गेली : पंप बंद केल्यानंतर तासभर तेलाचं झाकण उघडू नका. मंगळवारी सकाळी ती मेल निघाली. बुधवारी दुपारी हेर लोरेन्त्स यांनी एका चीज पॅक करणाऱ्या डेअरीत तेलाचं झाकण उघडलं. उकळतं म्हणावं असं तेल त्यांच्या हातावर उडालं, मनगटापासून बोटांपर्यंत.

आठवड्याभरानं माझे साहेब, हेर ब्रांट, मला बोलावून घेऊन गेले. खोलीत पर्सोनाल खात्याच्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, फोग्ट बसल्या होत्या. पर्सोनाल म्हणजे माणसांच्या नेमणुका आणि शिस्त बघणारं खातं. त्या अतिशय सभ्यपणे म्हणाल्या, "फ्राऊ फायद्या, आम्हाला फक्त एक लेखी निवेदन हवंय." माझं आडनाव वैद्य. जर्मन लोक पहिल्या अक्षराचा 'फ' करत, आणि मी दुरुस्त करणं केव्हाच सोडून दिलं होतं.

"कसलं निवेदन?"

"ही सूचना हेर लोरेन्त्स यांना कधी पोचली याचं. यंत्रात नोंद असते ना?"

नोंद होती. मी ती तिथेच काढून दाखवली. मंगळवार, सकाळी सहा वाजून बारा मिनिटं, लोरेन्त्स यांच्या पेटीत मेल पोचली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," हेर ब्रांट म्हणाले. "नोंद स्पष्ट आहे."

फ्राऊ फोग्ट यांनी पुढचं सांगितलं तेव्हा मला विषय कळला. सूचना मिळूनही तंत्रज्ञानं ती पाळली नाही, म्हणून त्यांना 'आबमानुंग' द्यायची होती. ही लेखी ताकीद असते. जर्मनीत माणसाला सहजासहजी काढता येत नाही, पण आबमानुंग फाइलला लागली की पुढचं दार अर्धं उघडलेलं असतं. हेर लोरेन्त्स तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते, उजवा हात बँडेजमध्ये होता, आणि त्या डोंगरात दुसरी नोकरी मिळणं अवघड होतं.

"उद्या सही करते," मी म्हटलं.

घरी जेवताना मी हे अजितला सांगितलं. माझा नवरा मेकॅनिकल इंजिनियर, गाड्यांच्या गिअरबॉक्सवर काम करायचा. त्यानं घास थांबवला. "किती वर्षं पंप दुरुस्त करतोय तो माणूस?"

"वीसेक."

"मग त्यानं ती सूचना वाचलेली नाही. वीस वर्षं हात घालणारा माणूस असं वाचून झाकण उघडत नाही गं. त्याला माहीत असतं तेल काय करतं ते."

"पण मेल पोचलीय, अजित. सहा बाराला."

"कुठे पोचलीय?" त्यानं विचारलं, आणि भाजी वाढून घेतली.

तो सहज बोलून गेला होता, पण मी त्या प्रश्नाशी अडले. नोंद म्हणत होती 'पोचली', आणि ती खोटं बोलत नव्हती. पण ती मेल एश्बॉर्नमधल्या चौथ्या मजल्यावरच्या यंत्रातल्या एका पेटीत पोचली होती. तिथून त्या डोंगरातल्या घरापर्यंतच्या वाटेची नोंद माझ्याकडे नव्हतीच. इतक्या वर्षांत मी ती वाट कधी बघितली नव्हती.

सकाळी मी हेर लोरेन्त्स यांची पेटी उघडली. सगळ्यांत पुढे एक नऊ मेगाबाइटची मेल अडकली होती. कंपनीच्या उन्हाळी मेळाव्याचे फोटो, संचालकांच्या कार्यालयाकडून सप्रेम. तिच्या मागे सूचना, आणि मागे आणखी साठ-सत्तर. सवयीनं माझा हात त्या फोटोंच्या मेलवर गेला. एक बटण दाबलं असतं की सगळं मोकळं झालं असतं, आणि काय घडलं होतं हे पुन्हा कुणालाही कळलं नसतं. मी हात काढून घेतला.

हेर ब्रांट यांना मी म्हटलं, "सही करण्याआधी मला तिथे जाऊन बघायचंय."

"कुठे?"

"लोरेन्त्स यांच्या घरी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मेल सांभाळणारी बाई कुणाच्या घरी जात नाही. "इथून दिसत नाही का?"

"इथून सगळं बरोबरच दिसतंय," मी म्हटलं. "म्हणूनच."

हे त्यांना कसं पटलं कोण जाणे. पण त्यांनी प्रवासाच्या अर्जावर सही केली.

ड्रेस्डेनपर्यंत साडेचार तास, पुढे दोन डब्यांची छोटी गाडी आणि मग बस. लोरेन्त्स यांचं घर उतारावर होतं, समोर व्यवस्थित रचलेली लाकडं. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मी नाव सांगितलं. त्या आत गेल्या आणि तीन छापलेले कागद घेऊन आल्या.

"एस. वैद्य म्हणजे तुम्ही?"

"हो."

"हे तुम्ही लिहिलंत?" तीन कागद, तीन वेळा एरलेडिग्ट. "काय झालं होतं हो काम? मला सांगाल?"

कामाच्या जागी लोक माझ्यावर पुष्कळ वेळा ओरडले होते, पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "नाही झालं होतं. काय झालं नव्हतं ते बघायला आलेय."

आतून हेर लोरेन्त्स यांचा आवाज आला, "तिला आत तरी येऊ दे, रेनाटे." ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. उंच, हाडकुळे, उजवा हात पांढऱ्या बँडेजमध्ये छातीशी धरलेला. डाव्या हातानं त्यांनी माझा हात हातात घेतला.

मी विचारलं, "रोज सकाळी तुम्ही काय करता, ते मला तसंच करून दाखवाल का?"

"नू," ते म्हणाले. त्या भागात, म्हणजे सॅक्सनी प्रांतात, 'हो'ला नू म्हणतात. पहिल्या तासाभरात मला वाटत होतं की हा माणूस प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतोय.

त्यांनी लॅपटॉप जोडला. मी विचारलं, घरात वेगवान इंटरनेट का नाही घेतलं? ते हसले. जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडच्या या भागात जमिनीखाली अगदी नवी, काचेच्या तंतूंची फोनलाइन टाकली होती. पश्चिमेतल्या जुन्या तांब्याच्या तारांवरून पुढे वेगवान इंटरनेट धावायला लागलं, आणि ते या काचेवरून चालेना. "आमच्याकडे सगळ्यांत नवी लाइन आहे," हेर लोरेन्त्स म्हणाले, "म्हणून आम्ही सगळ्यांत हळू."

आता थोडं माझ्या धंद्याचं सांगते. मेलचा प्रोग्रॅम अतिशय बडबड्या असतो. एक मेल उघडायची तर तो सर्व्हरला शंभर प्रश्न विचारतो : नवीन काय आहे? कुणाकडून? किती मोठी? सोबत काही जोडलंय का? देऊ का जागा? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा विचारत नाही. ऑफिसात सर्व्हर त्याच इमारतीत, त्यामुळे हे संभाषण डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. लांबच्या लाइनवर प्रत्येक प्रश्नाला जायला-यायला वेळ लागतो. रस्ता रुंद केला तरी तो वेळ तसाच राहतो, कारण गाव लांबच असतं. आणि लोरेन्त्स यांचा रस्ता लांब तर होताच, वर अरुंदही. त्यावरून नऊ मेगाबाइटची मेल यायला वीस मिनिटं तरी हवीत.

आम्ही तिघं कॉफी घेत स्क्रीनकडे बघत बसलो. फोटोंची मेल उतरू लागली. मी घड्याळ लावलं. निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. पाऊण भरली आणि लाइन तुटली. प्रोग्रॅमनं आपोआप पुन्हा फोन लावला. पट्टी पहिल्यापासून सुरू झाली. मिळालेला भाग ठेवून पुढे सुरू करायची अक्कल त्या काळच्या प्रोग्रॅमला नव्हती. पुन्हा तुटली. तिसऱ्यांदाही तुटली. तिन्ही वेळा घड्याळात पंधरा मिनिटं झाली होती, सेकंदाचाही फरक नाही.

"नेहमी पंधराच?" मी विचारलं.

"नू. तुम्हाला कळवलंय मी."

"नाही कळवलंत."

त्यांनी डाव्या हातानं एक वही पुढे सरकवली. आठ महिन्यांचा तक्ता. तारीख, लाइन जोडल्याची वेळ, तुटल्याची वेळ, अडकलेल्या मेलचं नाव. इंजिनियरचं अक्षर, पट्टी धरून आखलेले रकाने. "ही सगळी पानं स्कॅन करून मी चार वेळा तुम्हाला पाठवलीत."

मी त्यांच्या लॅपटॉपवर जाणाऱ्या मेलची पेटी उघडली. चारही मेल तिथेच होत्या. माझ्या नावे लिहिलेल्या. प्रत्येक इतकी मोठी, की पंधरा मिनिटांत बाहेर पडूच शकत नव्हती. दोन ओळींच्या तक्रारी तेवढ्या निसटून माझ्यापर्यंत आल्या होत्या.

त्या क्षणी मला काय वाटलं हे अजून नीट सांगता येत नाही. लाज वाटली, हे आहेच. पण त्याच्याबरोबर एक चमत्कारिक आनंदही झाला, कोडं सुटताना होतो तसा, आणि त्या आनंदाची पुन्हा लाज वाटली. समोरच्या माणसाचा हात बँडेजमध्ये होता.

लाइन चालू असतानाही आमच्या तंत्रज्ञांच्या घरी बोलण्यासाठी दुसरी वाट मोकळी असे. मी त्यांच्या फोनवरून सलीलला फोन लावला. लोरेन्त्स नवरा-बायको मराठी ऐकत बसले.

"सलील, बाहेरच्या लोकांची लाइन आपल्याकडून कोण तोडतं?"

"कोणी नाही गं. सर्व्हरचं बघ तुझ्या."

"सलील. बरोब्बर पंधरा मिनिटांनी तुटते. मी तीनदा घड्याळ लावलंय."

"पंधरा?"

"पंधरा."

मग किबोर्डचा आवाज आला. मग, "म्हणजे... अगं, ती माझ्याकडची सेटिंग आहे. सुरक्षेसाठी ठेवलीय, लाइन चुकून उघडी राहू नये म्हणून. माझ्या आधीपासून आहे, मी तशीच उचलून नव्या मशीनवर टाकली." मग तो म्हणाला, "शुभदा, मी ती कधी वाचलीच नव्हती गं."

"मीही नव्हतं विचारलं," मी म्हटलं.

त्यानं तिथल्या तिथे, या एका लाइनपुरते, पंधराचे साठ केले. लाइन पुन्हा जोडली. या वेळी पट्टी पूर्ण भरली. मेळाव्याचे फोटो उघडले : संचालक भाजलेला सॉसेज हातात धरून हसताहेत. त्याच्या मागोमाग, एक साधी दहा ओळींची मेल क्षणात उतरली. तेलाचं झाकण तासभर उघडू नका. हेर लोरेन्त्स यांनी ती वाचली. मग बायकोकडे लॅपटॉप वळवला. तिनंही वाचली. मी म्हटलं, "माफ करा."

"आता तुम्ही केक खा," हेर लोरेन्त्स म्हणाले. "रेनाटेनं सकाळी केलाय. तिनं तो तुमच्यासाठी केला नव्हता, पण खा."

एश्बॉर्नला परतल्यावर मीटिंग झाली. फ्राऊ फोग्ट, हेर ब्रांट, आणि कामगारांचा प्रतिनिधी. मी निवेदन लिहून नेलं होतं, दीड पानाचं. सहा बाराची नोंद खरी आहे. ती पेटी आमच्या इमारतीत आहे. हेर लोरेन्त्स यांच्या घरापर्यंत ती मेल पोचू शकत नव्हती, कारण लाइन आम्हीच तोडत होतो. त्यांनी हे आम्हाला आठ महिने सांगायचा प्रयत्न केला. त्यांची तक्रार मी तीन वेळा न बघता बंद केली.

हेर ब्रांट म्हणाले, "शेवटचं वाक्य आवश्यक आहे का?"

"तेच काढलं तर बाकीचं कुणाला पटेल?"

फ्राऊ फोग्ट यांनी कागद दोनदा वाचला. आबमानुंगचा विषय तिथे संपला. ती मला मिळेल अशी मी तयारी ठेवली होती, पण मिळाली नाही. मला काम मिळालं : एक्केचाळीस घरांपर्यंत मेल नीट पोचवायची.

आम्ही जे केलं ते आज कुणाला विशेष वाटणार नाही, कारण आता तुमच्या फोनमध्ये ते आपोआप होतं. आधी फक्त नावं उतरवायची : कुणाकडून, कशाबद्दल. मग छोट्या मेल. अवजड गोष्टी सगळ्यांत शेवटी, माणसानं मागितल्या तरच. एकदा उतरलेली मेल लॅपटॉपवरच ठेवायची, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा विचारायला नको. लाइन तुटलीच तर राहिलेल्या मेलपासून पुढे सुरू करायचं. आणि धोक्याच्या सूचना मेलनं गेल्या तरी माणसानं वाचल्याचं कळवेपर्यंत फोन करत राहायचं. हा शेवटचा नियम फ्राऊ फोग्ट यांनी घातला.

या सगळ्याला हेर ब्रांट यांच्याकडून मंजुरी आणि मुदत दोन्ही हवी होती. ते म्हणाले, तीन महिने फार आहेत, इतकं हळू असतं का खरंच? सलीलनं स्टोअररूममध्ये एक टेबल मांडलं आणि ऑफिसचीच लाइन मुद्दाम लोरेन्त्स यांच्या घराइतकी हळू करून तिथे आणली. मग हेर ब्रांट यांना नम्रपणे म्हणाला, "तुमचा लॅपटॉप एक सकाळ इथे लावाल का?"

हेर ब्रांट कोटासकट स्टोअररूममध्ये बसले. दहा मिनिटांनी त्यांनी कोट काढला. पंचविसाव्या मिनिटाला बाहेर येऊन विचारलं, "मेळाव्याचे फोटो कोणी पाठवले होते?"

"संचालकांच्या कार्यालयानं," मी म्हटलं. "तुम्ही मंजूर केले होते."

"हो, हो," ते म्हणाले आणि पुन्हा आत गेले. त्या सकाळनंतर आम्हाला तीन महिने मिळाले, आणि ऑफिसातून कुणी फोटो पाठवले की हेर ब्रांट स्वतः जाऊन विचारत, हे किती मोठं आहे?

हेर लोरेन्त्स डिसेंबरात कामावर आले. दोन बोटं पुरती मिटत नव्हती, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. बारीक स्क्रू ते डाव्या हातानं लावायला शिकले. त्यांच्याशी माझं पुढे अनेक वर्षं बोलणं होई, ते माझ्याशी नेहमी चांगलंच वागले. त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटे. पहिल्याच फोनवर त्यांनी मला एक प्रश्न मात्र विचारला : "बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांची तक्रार नव्हती."

"माझी होती म्हणून तुम्हाला कळलं. ज्यांची नव्हती, त्यांचं विचारतोय."

म्हणून आम्ही नव्या पद्धतीच्या सीडी सगळ्यांना घरी पाठवल्या, साध्या टपालानं, पिवळ्या गाडीतून. मेल दुरुस्त करायला पोस्टमन लागला याची सलीलला फार गंमत वाटे. आणि मग मी एकेकाला फोन लावत गेले, आणि सीडी घालण्यापासून सगळं त्यांच्याकडून करून घेतलं. एक बाई दर वेळी आधी कुत्र्याला बाहेर बांधायच्या, कारण लाइन जोडताना येणाऱ्या शिट्टीनं तो भुंकायचा. एक गृहस्थ मेल उतरेपर्यंत दाढी करत आणि आता दाढीला वेळ पुरत नाही म्हणून तक्रार करत होते. बहुतेकांची लाइन पंधरा मिनिटांनी तुटत होती. ती तुटायचीच असते, असं ते समजून चालले होते.

पस्तिसावा फोन हेर हिनरिक्स यांना होता. उत्तर समुद्राच्या काठावरचे, मासे पॅक करणाऱ्या कारखान्यांतले पंप बघणारे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांची कधीच तक्रार नव्हती. मी त्यांची पेटी आधीच बघून ठेवली होती. मार्चमधल्या एका जाडजूड कॅटलॉगमागे सगळं अडलेलं होतं, आणि तेव्हा जानेवारी चालू होता.

"हेर हिनरिक्स, तुम्हाला मार्चपासून एकही मेल आलेली नाही. तुम्ही आम्हाला कळवलं का नाही?"

मागे कुठेतरी रेडिओ चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"मला वाटलं, आता मला कुणी लिहीत नाही," ते म्हणाले. "कामं फॅक्सनं येत होती. बाकी... माझं वय झालंय, दोन वर्षांत जाणार मी. वाटलं, नावं कमी करत असतील यादीतून. असं विचारायचं कसं?"

मी त्यांना एकेक बटण सांगत गेले. त्यांनी सावकाश, न चुकता सगळं केलं. लाइन जोडली गेली.

"आता नावं येतील," मी म्हटलं. "मेल नंतर, आधी फक्त नावं."

आणि ती आली. नऊ-दहा महिन्यांची, सगळी एकदम. ते मोठ्यानं वाचू लागले. माहितीपत्रक. सुटीचं वेळापत्रक. मेळाव्याचे फोटो. नवं माहितीपत्रक. माझं लक्ष अर्धं त्यांच्याकडे होतं आणि अर्धं पुढच्या नावाकडे. मग त्यांचा आवाज मंदावला.

"उवे. माझा निरोप समारंभ, नक्की ये." हा उवे म्हणजे त्यांचा जुना सहकारी. तो सप्टेंबरात निवृत्त झाला होता, एवढं मलाही माहीत होतं. "उवे. येतोयस ना?" मग थोडं थांबून, "उवे. काल वाट पाहिली."

मी हातातली यादी खाली ठेवली.

"बावीस वर्षं आम्ही एका गाडीतून कामाला गेलोय," हेर हिनरिक्स म्हणाले. "मला वाटलं, त्यानं मला बोलावलंच नाही. मी रागानं त्याला फोनसुद्धा केला नाही. वाढदिवसालाही नाही."

"त्यानं तीनदा लिहिलंय," मी म्हटलं.

"हो. दिसतंय." खुर्ची सरकल्याचा आवाज. "फ्राऊ फायद्या, बाकीचं आपण उद्या करू या का? मला फोनची लाइन हवीय. उवेला फोन करतो."

"करा," मी म्हटलं.

माझ्या यादीत अजून सहा नावं होती. त्या दिवशी मी त्यांतल्या कुणालाच फोन केला नाही.